तीन भाषांत एकच प्रश्न

सुमनबाई गेल्या त्या दिवशी मधल्या सुट्टीत अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. “रेखाबाई, ती गेली,” एवढंच म्हणाले. पोरं ताटं घेऊन बसली होती. खिचडी वाढायची होती, ती वाढली. त्याला आता दीड महिना झाला. आता लिहिता येईल असं वाटतंय, म्हणून बसले.

२०१४ साली बदली होऊन मी तलासरीच्या शाळेत आले, तेव्हा बाई निवृत्तीला दोन-तीन वर्षांवर आलेल्या. मी डहाणूची, त्या शेजारच्या मसोलीच्या. एसटीत शेजारी बसून बसून ओळख झाली. माझा नवरा नुकताच गेलेला, मुलगी चौथीत, आणि आमच्या भरतीला जुनी पेन्शन नाही. बाईंना होती. “माझं म्हातारपण सरकार बघेल. तुमचं कोण बघणार?” त्यांनी तोंडावर विचारलं. मला राग आला.

माझे धाकटे दीर गुंतवणुकीचे एजंट. पगार झाला की शाळेत यायचे, गरम भजी आणायचे, आणि एकाने म्युच्युअल फंडाचा फॉर्म भरला की सगळे भरायचे. मीही भरले, न वाचता. पोरांना ‘आधी वाचा, मग लिहा’ म्हणून ओरडणारी मी. बाईंनी ते कागद एसटीत बसून शेवटपर्यंत वाचले. त्यांच्या माहेरी कैनाडला चिकूची वाडी. दलाली कुठे कशी कापतात ते लहानपणापासून बघितलेलं. “यावर डायरेक्ट, म्हणजे मधल्या एजंटाशिवाय, असं कुठेच लिहिलेलं नाही,” म्हणाल्या. “म्हणजे दलाली दर वर्षी जाणार, साठलेल्या सगळ्या पैशांवर. तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.” मी म्हटलं, घरचा माणूस आहे, नाही कसं म्हणू? “दिरांना चहा द्या, जेवायला घाला. म्हातारपण कशाला देताय?”

इंडेक्स फंडही त्यांनीच समजावला. वाडीत चिकू आकाराप्रमाणे निवडायला बाया बसतात, त्यांची मजुरी लागते. इथे बाजारातल्या मोठ्या कंपन्यांची यादी आहे तशी घ्यायची, निवडणाराच नाही, म्हणून खर्च थोडा. मला पटलं. पण घ्यायचा कुठून? ऑनलाइन खातं उघडून देणाऱ्या कंपन्यांत कोणी वर्षाची फी मागे, कोणी फुकट म्हणे. फुकट म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठी. मग त्यांनी एक उद्योग काढला. आमच्याकडे तीन भाषा येणं काही विशेष नाही. बाई प्रत्येक कंपनीला तीनदा फोन करायच्या, मराठीत, हिंदीत आणि गुजरातीत. प्रश्न एकच: “तुमचं पोट कशावर चालतं?” तिन्ही उत्तरं जुळली तर पुढचं बोलणं. एका कंपनीने हिंदीत कमिशन अजिबात नाही म्हणून सांगितलं आणि गुजरातीत, थोडंसं असतं बेन, असं कबूल केलं. तिचं नाव कटलं. वर्ष उलटलं तरी हे चालूच. मी वैतागले. “बाई, तुमचं होईस्तोवर माझी मुलगी कॉलेजात जाईल.”

“जाऊ दे. उद्या तुम्हाला तिच्यापुढे हात पसरायला लागू नये म्हणून चाललंय.”

बाई निवृत्त झाल्यावर त्यांच्याच ओट्यावर बसून माझं खातं उघडलं. पुढे मी सायवनच्या शाळेत गेले. बाजार पडला की घाबरून रेंज शोधत फिरायची आणि बाईंना फोन लावायची. “काढायचे नाहीत. जेवलात का?” एवढंच त्यांचं उत्तर असे. दिरांकडे फॉर्म भरणं बंद केलं म्हणून ते वर्षभर बोलले नाहीत, मग आपणहून चहाला यायला लागले. आज मला रात्री झोप लागते, ती या बाईमुळे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

मागच्या रविवारी अण्णांकडे गेले. बाईंचा फोन ते अजून रोज चार्ज करून देवघराशेजारी ठेवतात. “पाच कंपन्यांचे मेसेज येत असतात. ती नाही हे एकदा कळवून टाका,” म्हणाले. पाच? बाईंना पेन्शन, त्यांना याची काय गरज... उघडून बघितलं. पाचही ठिकाणी त्यांनी स्वतःचे थोडे पैसे घातले होते, ते बँकेत नीट परत येतात का, किती दिवसांनी येतात हे बघून काढून घेतले होते. सगळं माझं खातं उघडायच्या आधी. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. आणि पाचही कंपन्यांना एकच ईमेल केलेला: ‘माझी धाकटी बहीण शिक्षिका आहे. तिला काही झालं तर तिच्या लहान मुलीला पैसे मिळायला कोणते कागद लागतील?’

बाईंना बहीण नव्हती. मला तर शेवटपर्यंत त्या ‘रेखाबाई, तुम्ही’ असंच म्हणायच्या.

तिथेच बसून कंपन्यांना कळवायला घेतलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, मृत व्यक्तीशी तुमचं नातं. मी थांबले तसे अण्णा म्हणाले, “सहकारी लिहा.”

मी धाकटी बहीण लिहिलं. पाचही ठिकाणी.