मॉरिशसवहिनी

आमच्या सोसायटीतलं कुणी मॉरिशसला निघालं की बॅग भरायच्या आधी मॉरिशसवहिनींकडे हजेरी लावायची, हा अलिखित नियम होता. नवं जोडपं असो की निवृत्तीनंतर जग बघायला निघालेले काका-काकू, वहिनी त्यांना सोफ्यावर बसवायच्या, हातात सरबताचा पेला द्यायच्या आणि म्हणायच्या, "सर्वप्रथम एक ध्यानात घ्यावे. ते बेट आहे. नाशिक नव्हे." समोरचा लगेच सावरून बसायचा.

वहिनी तिथल्याच. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात कामाला गेलेले, ते तिकडचेच झाले. वहिनी शिष्यवृत्तीवर पुण्याला शिकायला आल्या, वर्गातल्या एका नाशिककराच्या प्रेमात पडल्या आणि इंदिरानगरात माझ्या समोरच्या दारात येऊन राहिल्या. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, सातपूरला कारखान्यात होते. वहिनींचं मराठी तिकडच्या शाळेत शिकलेलं, कडक इस्त्रीचं. भाजीवालीला म्हणायच्या, "मला मेथीची एक जुडी द्यावी." ती म्हणायची, "घ्या की बाई, नाय कोण म्हणतं?" पुढे वहिनीही तिच्याशी घासाघीस करायला शिकल्या, पण 'द्यावी' काही सुटलं नाही.

त्यांचं ऐकावं तर फायदाच व्हायचा. आपल्याकडे पाऊस लागतो तेव्हा तिथे थंडी, म्हणून स्वेटर न्या. समुद्रात लांबवर लाटा फुटून पांढरी रेघ दिसते, तिच्या आतच डुंबायचं. पाण्यात रबरी बूट घाला, तळाशी काट्यांचे काळे गोळे असतात. "पाय पडला तर असे नाचाल, की लोक पैसे टाकतील!" शिंपले, पोवळी उचलायची नाहीत. वादळाचा तिसरा इशारा झाला की घराबाहेर पाऊल नाही. आणि फळं, बिया, रोपं काही म्हणजे काही न्यायचं नाही.

ही शेवटची गोष्ट दुसऱ्या मजल्यावरच्या अण्णांनी ऐकली नाही. अण्णांची दिंडोरीला द्राक्षबाग. रिकाम्या हाताने परदेशात जायचं म्हणजे काय, म्हणून माणूस द्राक्षांची पेटी घेऊन गेला. तिथल्या विमानतळावर ती काढून घेतली. अण्णा परत आले ते फणफणतच. "लय कडक लोक हायेत तुमचे! एवढा चांगला माल फेकून दिला, खाल्लाही नाय!" वहिनींनी शांतपणे विचारलं, "अण्णा, शेजारच्या बागेतला रोग तुमच्या बागेत आला तर?" द्राक्षवाल्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. जाताना दारातून म्हणाले, "बरोबरच केलं म्हणा त्यांनी."

आता खरी गंमत सांगते. वहिनींची निम्मी माहिती शिळी होती. "पाच वाजता दुकानं बंद होतात," त्या ठासून सांगायच्या आणि मंडळी तिकडे मॉलमध्ये रात्री जेवून यायची. "रेल्वे नाही, बसनेच फिरावे," म्हणायच्या आणि पहिल्या मजल्यावरच्या शहाण्यांच्या पोरीने तिथल्या मेट्रोत बसून काढलेला फोटोच आणून दाखवला. वहिनींनी चष्मा लावून तो पाहिला. म्हणाल्या, "आमच्याकडे रेल्वे? छे! हे दुसरंच गाव असेल." पोरगी बोलणार होती, मी तिला डोळ्यांनी दटावलं. त्या निघून आल्या त्या दिवशी बेट जसं होतं, तसंच ते त्यांच्या सोफ्यावर आजवर राहिलं होतं. आम्ही सगळे ऐकून घ्यायचो, मान डोलवायचो आणि मग गुपचूप मोबाइलमध्ये बघायचो.

कारण वहिनी परत गेल्याच नव्हत्या. आधी सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मग मुलांच्या दहावी-बारावी. तेवढ्यात तिकडे वहिनींची आई गेली आणि त्यांना जाताच आलं नाही. तेव्हापासून 'पुढच्या वर्षी नक्की'. मी तशी फटकळ. एकदा विचारलंच, "वहिनी, खरं सांगा, का जात नाही?" त्या मटार सोलत होत्या. हात थांबले. "ताई, इथे बसून सांगते तोवर माझी आई तिथे स्वयंपाकघरात आहे. गेले की नसेल."

"आणि बाबा? ते तर आहेत ना?"

"आहेत. म्हातारे झालेत. फोनवर म्हणतात, ठीक आहे. फोनवर सगळेच ठीक असतात." बाबांकडे भिंतीवरचा जुना फोन. चेहरा दिसणारा मोबाइल त्यांना नको होता. म्हणायचे, माझं तोंड तुला पाठ आहे. मला त्या बापलेकींची काळजी वाटायची. वहिनी अशाच वर्षं ढकलत राहतील आणि आईचं झालं तेच बाबांचं होईल, ही भीती मला होती आणि त्यांनाही होती.

गेल्या वर्षी आम्ही नवराबायको मॉरिशसला निघालो. वहिनींनी सोफ्यावर बसवून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "एक वेळ बाबांकडे जेवावे."

गेलो. उसाच्या शेतांमधून वाट काढत टॅक्सी एका पत्र्याच्या घरापुढे थांबली. बाबा दारातच उभे होते. त्यांची क्रिओल भाषा टॅक्सीवाला हिंदीत करून सांगत होता. बाबांनी आम्हाला गरम डाळपुरी वाढली, आग्रह तर असा की विचारू नका! मी फोटो काढायला मोबाइल काढला, तर हातानेच नको म्हणाले. जेवण झाल्यावर काठी घेऊन आम्हाला बाहेर घेऊन गेले आणि एकेक दाखवू लागले. बसचा थांबा इथून पुढे गेला. अंगणातली लिची वादळात पडली. शेजारची मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली. टॅक्सीवाला म्हणाला, "बाबा कह रहे हैं, बिटिया को पहले से बता देना. अचानक देखेगी तो घबरा जाएगी."

परत आले त्या दिवशी बॅगही न उघडता समोरच्या दारात गेले. या वेळी वहिनींना सोफ्यावर बसवलं आणि म्हटलं, "सर्वप्रथम एक ध्यानात घ्यावे." त्या हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मी थांबले नाही. थांबा, लिची, मैत्रीण, सगळं सांगितलं. रेल्वे खरीच आहे, मी बसून आले, तेही सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "स्वयंपाकघर?"

"भिंती पिवळ्या केल्यात. तुमच्या आईचा पाटा तिथेच आहे. बाबा अजून त्यावरच मिरची वाटतात."

वहिनींनी पदराने डोळे पुसले. मग आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, तिकीट काढा."

एका महिन्यासाठी गेल्या होत्या, अजून यायचं नाव नाही. भाऊही तिकडेच गेलेत, मासे पकडायला शिकतायत म्हणे. जाऊ दे, सुखात आहेत ना, बस्स. पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन आला होता. मागे भांड्यांचा आवाज आणि बाबांचं जोरजोरात बोलणं चाललेलं. सगळं तुम्ही सांगितलंत तसंच आहे, म्हणाल्या. मग आवाज खाली आला.

"ताई, बाबा एवढेसे झालेत, हे मात्र तुम्ही सांगितलं नाही."

मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं होतं. मला ते तेवढेच वाटले होते.