खुर्चीच्या मागच्या मुठी

“मोडलं नाय त्याला मी हात लावत नाय,” असं श्रीपत एकदा म्हणाला, आणि कर्जतच्या बाजारात ते वाक्य त्याच्या नावाला चिकटलं. धडधाकट सायकलला कुणी जादा दिवा बसवून मागितला की शेजारचा चहावालाच परस्पर सांगायचा, आधी मोडून आण रं, मग बघंल तो.

श्रीपत पोशीरचा. छप्पन सालानंतर घरात बुद्धाची तसबीर आली तेव्हा तो नकळत्या वयाचा होता. मोठा झाल्यावर भाताच्या खाचरात तो रमला नाही. कर्जतला एका सायकलच्या दुकानात हाताखाली राहिला आणि पुढे स्वतःचं दुकान टाकलं. चाकाच्या खुर्चीशी त्याची गाठ उशिरा पडली. रसायनीच्या एका कारखान्यात कमरेखालचं अंग गमावलेला फिटर होता. त्याच्या खुर्चीच्या तारा तुटल्या. मुंबईला पाठवली तर महिना जाणार, म्हणून घरच्यांनी ती टेंपोत घालून श्रीपतकडे आणली. त्याने सायकलच्या तारा बेताच्या कापून बसवल्या. चाक ते चाक.

खुर्ची द्यायला तो स्वतः गेला, तेव्हा फिटर भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. अंगात कित्येक दिवस न बदललेला सदरा, जवळ पाण्याचा तांब्या. खुर्ची दुकानात होती तेवढे दिवस त्या माणसाने उंबऱ्यापलीकडचं काही पाहिलं नव्हतं. त्याने दुरुस्तीबद्दल काही विचारलं नाही. बाजारात काय चाललंय, एवढंच विचारलं. त्यानंतर श्रीपतने कुणाची खुर्ची दुकानात ठेवून घेतली नाही. पाने, तारा, ग्रीसचा डबा पिशवीत घालून तो सायकलने लोकांच्या घरी जायचा आणि अंगणात माणसाच्या डोळ्यांसमोर काम करायचा. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत अशी घरं थोडीच होती, पण त्या घरांत त्याची वाट बघत.

त्यातलं एक घर कडावचं. द्वारकेला लहानपणी पोलिओ झाला. वाढत्या वयाची सगळी वर्षं ती घरात-अंगणात हातांवर सरकत हिंडली. पुढे तिच्या थोरल्या भावाने, मधूने, मुंबईला खेटे घालून खुर्ची मिळवली. हातमशीनवर ती झंपर शिवायची. पावसाळ्यात बेअरिंगमध्ये चिखल जायचा, बैठकीचं कापड कुजायचं. श्रीपत ते काढून ताडपत्री शिवून द्यायचा.

एका हिवाळ्यात तो ब्रेक बसवायला आला होता. काम उरकल्यावर द्वारका म्हणाली, “दादा, ह्या मागच्या मुठी कापून टाका.”

“मोडल्या कुठं हायत?”

“मोडत नायत, त्योच तरास हाय.”

मग तिने सांगितलं. घराबाहेर पडली की मागून कुणीतरी मुठी धरायचं. चल गं म्हणायचं आणि ढकलायचं. माया होती त्यात, नाही असं नाही. पण धरणाऱ्याला जिकडे जायचं असेल तिकडे ती जायची. बटणं आणायला निघाली तर शेजारच्या पारूने हळदीकुंकवाला नेऊन बसवलं. एका लग्नात तिला कुणी कडेला लावून गेलं ते तोंड भिंतीकडे करून. अक्षता मागे पडल्या, वाजंत्री मागे वाजली. ती चुन्याचे पोपडे बघत बसली. गर्दीत चाक वळवायला जागा नव्हती.

“तुमाला कुणी मागून धरून नेलं तर काय कराल?” तिने विचारलं.

“दोन लाथा घालीन.” बोलून गेल्यावर श्रीपतने जीभ चावली.

द्वारका हसली. “आता मी काय घालू?”

श्रीपतने करवत काढली. धडधाकट लोखंड कापताना त्याला आपल्याच हाताचा भरवसा वाटेना. नळ्यांच्या तोंडांत त्याने लाकडाच्या खुंट्या ठोकल्या आणि कानशीने सारख्या केल्या. कापलेल्या मुठी पिशवीत टाकल्या.

गावाला सवय व्हायला वेळ लागला. हात मागून यायचे आणि रिकामे राहायचे. मग माणसाला वळसा घालून पुढे यावं लागायचं, तिच्या तोंडाकडे बघावं लागायचं, कुठं चाललीस गं म्हणून विचारावं लागायचं.

मग ती पडली. कालव्याच्या उतारावर चाकं हातांतून सुटली आणि खुर्ची शेताच्या चिखलात गेली. पारू मागेच होती. तिने धरायला हात टाकला, पण धरायला काही नव्हतं. कोपर सोललं, बाकी काही झालं नाही. मधूने दूधवाल्याबरोबर निरोप धाडला.

श्रीपत गेला. वाटभर त्याला तो उतार दिसत होता, पारूचा हवेतला हात दिसत होता. कपाळ फुटलं असतं तर, याच्यापुढे त्याचा विचार जात नव्हता. मुठी पिशवीत होत्या. मधूने म्हटलं तर खुर्ची दुकानात न्यायची, डाग देऊन त्या पुन्हा जोडायच्या, असं त्याने जवळजवळ ठरवलं होतं.

मधूने त्याला आत बसवलं. आवाज चढवला नाही. चौथीपर्यंत आपण हिला पाठीवर घेऊन शाळेत नेलं, ही मानेला धरून बसायची, एवढं सांगितलं. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, “तवा हिनं माझी मान कुठं कापली?”

द्वारका दारात होती. ती भावापुढे सहसा बोलत नसे, पण आता त्यालाच म्हणाली,

“मी पडले, दादा. परत पडंन बी. उठवायला हाक मारीन, तोंड कुठं मोडलंय माझं?”

“आणि कुणी नसलं तर?” मधूने विचारलं.

द्वारकेने खुर्ची वळवली आणि ती चुलीकडे गेली. आतून भांड्यांचा आवाज आला. मधू उठू लागला, मग बसला. श्रीपत पिशवीच्या बंदावर बोट फिरवत राहिला.

ती परत आली तेव्हा मांडीवर ताट होतं, ताटात चहाचे दोन कप. दाराच्या चौकटीशी तिने चाकं आवळून धरली, अंग मागे टाकलं, पुढची चाकं उंबऱ्यावर चढवली. थोडा चहा ताटात सांडला. मधूचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला. तिने आधी भावाला कप दिला, मग श्रीपतला. ताट मांडीवर तसंच ठेवून ती दोघांकडे बघत राहिली.

चहात साखर जास्त होती. श्रीपतने तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. कप ताटात ठेवला. मधू त्याच्या तोंडाकडे बघत होता. श्रीपत उठला, मुठींची पिशवी न उघडता खांद्याला लावली, आणि खुर्चीला हात न लावता बाहेर पडला.