लोणारचा खार

आश्विन शुद्ध अष्टमीचा दिवस. अंगणात बाजेवर उडदाची डाळ वाळत घातली होती आणि मी कावळे हाकलत बसले होते. दिवाळीच्या पापडांची तयारी.

भुताखेताचं कोणी माझ्यापुढे काढलं की मी उठून कामाला लागते. मेहकरच्या बाजूला आमचं गाव. शेती, गोठा, निंदायला आलेल्या बाया... यातच जन्म गेला. अंगात येणाऱ्या बाईला मी एकदा गार पाण्याची घागर दाखवली होती, तर तिची देवी लगेच निघून गेली! त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतं. पण जे झालं ते तसंच सांगते.

तर त्या दिवशी किसन, माझा धाकटा दीर, बाजेपाशी येऊन उभा राहिला.

"वयनी, बारा वर्सं झाली. कोजागिरी झाली की विधी करून टाकू. भटजीले इचारलं मी."

माणूस बेपत्ता होऊन बारा वर्षं झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. त्या दिवसापासून त्याची बायको विधवा.

आमचे हे बारा वर्षांमागच्या चैत्रात घरून गेले. तेव्हाही मी पापडांनाच बसले होते आणि खार संपला होता. "अवो, दुकानातल्या खारानं पापड फुलत नाही," हे म्हणाले. "लोनारचाच आनतो. तू पीठ चाळून ठेव." लोणारच्या तळ्याचं पाणी खारट, उन्हाळ्यात काठावर खाराचा पांढरा थर धरतो. आमच्याकडे पापडाला तोच लागतो. आदल्याच दिवशी मी यांचं उपरणं रफू केलं होतं. पांढरा दोरा संपला म्हणून काळ्यानं. ते खांद्यावर टाकत हे हसले, "बरं झालं, मले नजर नाही लागनार."

गेले ते गेलेच. लोणारात कोणी पाहिलं म्हणे, कोणी नाही म्हणे. पलीकडे निजामाची मोगलाई, तिथंही किसन गावोगाव हिंडला. अर्ज पार नागपूरपर्यंत गेले. चाळलेलं पीठ कडू झालं, ते मी म्हशीला घातलं.

"मेल्याचं कोनं पाह्यलं?" मी किसनला म्हणाले. "मंग मी कुंकू काऊन पुसू?"

"अन् जित्याचं तरी कोनं पाह्यलं, वयनी?" तो खाली बघत म्हणाला. "दादा गेला असंन, तर बारा वर्सं त्याले कोनी घोटभर पानी नाही देल्लं. मले झोप नाही लागत."

मी डाळ हातानं पसरत राहिले. मग म्हणाले, "लोनारच्या कमळजादेवीची ओटी भरून येतो. मंग सांगतो तुले."

सवाष्णीची शेवटची ओटी असेल तर ती भरून घ्यावी, एवढंच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि किसनची बायको गोदा गाडीनं लोणारला गेलो. रात्र धर्मशाळेत काढली. दसऱ्याच्या सकाळी गोमुखाच्या धारेखाली अंघोळ केली आणि झाडीतून उतरत खाली तळ्याकाठी देवीपाशी गेलो. नवरात्राची जत्रा. बांगड्यांची दुकानं, रेवड्या, हरवलेल्या पोरांच्या नावानं हाका... हिरवं पाणी मात्र गप्प. काठावर बाया खार विकत होत्या. बारा वर्षांत मी लोणारचा खार घरात आणला नव्हता, दुकानातल्यावर भागवलं होतं. तेव्हाही घेतला नाही.

देवीची ओटी भरली. मग गुरवाच्या बायकोनं माझी भरली. तांदूळ, नारळ, खण, सुपारी. "घट्ट बांध माय, चढाची वाट हाय," ती म्हणाली. मी पदराची गाठ मारून कमरेला खोचली.

चढताना ओटी ओढायला लागली. मी दोनदा थांबले.

"काय वो बाई?" गोदा मागून म्हणाली. "देवीनं दोन नारळ देल्ले का? पोटुशीवानी चालून राह्यल्या!"

"तूच कोंबला असशीन गर्दीत. चाल मुकाट्यानं."

लगेच गाडी जुंपली. दिवेलागणीला घरी आलो. देवापुढे बसून मी गाठ सोडली. तोवर तिला कोणाचा हात लागला नव्हता. गाडीत मी पदरावर हात ठेवूनच बसले होते.

नारळ निघाला, खण निघाला. तांदळाखाली एक पुरचुंडी. आत मूठभर खार, ओलसर, तळ्याचा उग्र वास येणारा. आणि पुरचुंडीचं कापड... उपरण्याचा कोपरा. काळ्या दोऱ्यानं रफू केलेला. टाके माझे. मी एक टाका आडवा, एक तिरपा घालते. माझ्या आईची पद्धत.

गोदानं तोंडावर हात धरला. "बाई, हे मी नाही हो ठिवलं. गळ्याशपथ."

तिनं नव्हतं ठेवलं, हे मला दिसत होतं. पुढे किसन लोणारला जाऊन गुरवाच्या बायकोला विचारून आला. तिला काही माहीत नव्हतं. बारा वर्षांत ते कापड विरलं कसं नाही, गाठ न सोडता ते आत गेलं कसं... जाणत्या वाचकांना काही सुचलं तर जरूर कळवावं. मला आजवर सुचलेलं नाही.

एक मात्र मला त्या रात्री कळलं. हे जिते असते तर खार घेऊन स्वतः आले असते. ओट्यावर आदळला असता, "घे, आनला," म्हणून चहा मागितला असता. असं मागच्या मागे ठेवून जाणारा तो माणूसच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी डाळ दळली. तो खार पाण्यात उकळला, पीठ भिजवलं, कुटलं. पहिला पापड ओलाच निखाऱ्यावर धरला. टम्म फुलला. यांचा पाट मांडला, त्यापुढे पापड ठेवला, तांब्याभर पाणी ठेवलं. मग माझ्याच हातानं कपाळ पुसलं आणि किसनला हाक मारली... पळसाची पानं आणायला.