इंजनाची खांदमळणी

अख्ख्या परभणी जिल्ह्यात मोटारीचं इंजन आमच्या घरच्या बाईइतकं लख्ख ठेवणारं माणूस झालं नाही. हैदराबादेत असेल एखादं, पण मला तरी कधी भेटलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, वाढवून सांगायची कला माझ्याजवळ नाही. कार्तिकात तिला जाऊन वर्ष होईल. लोक येतात आणि म्हणतात, बाई लय साधी होती. साधी? तिच्यासारखं तऱ्हेवाईक माणूस माझ्या बघण्यात नाही, आणि मी तिच्याबरोबर पन्नासावर वर्षं संसार केलाय.

निजामाच्या राज्यात मी परभणीला एका वकीलसाहेबांच्या मोटारीवर ड्रायव्हर होतो. त्यांची गल्ली अरुंद, मोटार आत शिरायची नाही, म्हणून ती आमच्या अंगणात लिंबाखाली मुक्कामाला असायची. ही माहेरी गोदाकाठच्या कुणब्याची लेक, बैलांत वाढलेली. आमच्या दारात बैल नव्हता, गाय नव्हती, तेव्हा हिनं ती मोटारच दावणीला बांधल्यासारखी धरली. वरून पत्रा पुसणं मला जमायचं. पण इंजनावरचं झाकण उघडलं की मी पाव्हणा आणि ती घरधनी.

कचेरीतून मोटार आली की ही आधी बाहेर यायची आणि लेकराच्या कपाळाला लावावा तसा झाकणाला उलटा हात लावायची. "ताप हाय अजून. उतरू द्या." मग मी जेवून घ्यायचो, पान खायचो, तरी ताप उतरलेला नसायचा. एकदा घाईत मी तापलेल्या इंजनावर तांब्याभर पाणी मारलं, तर बाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या तापात तुमाला असं न्हाऊ घालू का?" गार झाल्यावरही लगेच पाणी नाही. आधी प्लगला आणि वायरींना मेणकापड गुंडाळायचं, न्हाऊ घालताना बाळाच्या कानावर हात धरतात तसं. मग घासलेट आणि चुलीतली चाळलेली राख लावून चिकटा सोडवायचा, वर रिठ्याचा फेस, आणि पुढच्या पितळी जाळीला चिंच. फटीतला मळ काढायला लिंबाच्या काड्या लागायच्या, जाड, बारीक, अगदी सुईसारख्या, आणि त्यांची टोकं चावून कुंचा करायचं काम माझ्याकडं होतं. आज माझ्या तोंडात चार दात उरलेत. बाकीचे त्या मोटारीचे दात घासण्यात झिजले असं मी डॉक्टरला सांगितलं, तर तो हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

संक्रांतीला हळदीकुंकवाला बाया आल्या की तिळगूळ हातावर पडायच्या आधी त्यांना झाकण उघडून इंजन दाखवलं जायचं. घरात एवढी तांब्यापितळेची भांडी घासूनपुसून मांडलेली, ती कोणी बघितली नाहीत तरी चालायचं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी एकदा विचारलं, "अहो, तुम्ही यात रांधता का काय?" तर ही गंभीर तोंडानं म्हणाली, "रांधलं तर बिघडायचं न्हाई, पण खाणाराचं तोंड तेवढं स्वच्छ पायजे." त्या बाई पुढं दोन संक्रांती आल्या नाहीत.

मग ते पोळ्याचं झालं. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मोजकं मिळायचं. वकीलसाहेबांचा भाचा हैदराबादेहून आला होता. तिकडं कुठल्याशा कारखान्यात शिकून आलेला, तरणाताठा, पायात कडक बूट. त्यानं मला नखशिखान्त बघितलं आणि मामाला माझ्यादेखत म्हणाला की असली यंत्रं चौथी पास माणसाच्या हातात देत नसतात, मी तिकडून शिकलेला ड्रायव्हर पाठवतो. वकीलसाहेब माणूस चांगला, पण भाच्याच्या बुटांचा त्यांना धाक वाटला असावा. ते म्हणाले, उद्या पोळ्याला आईला पोखर्णीच्या नरसिंहाला न्यायचं आहे, त्या खेपेत बघू आणि मग ठरवू. घरी येऊन मी हे सांगितलं. नोकरी गेली तर खायचं काय, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तुमी पेट्रोल आणायला जा. गाडी माझ्यावर सोडा."

मी परत आलो तेव्हा झाकण लावलेलं होतं आणि ती चुलीपाशी होती. सकाळी मोटार पहिल्या दणक्याला सुरू झाली. मागं वकीलसाहेब आणि आईसाहेब, पुढं माझ्याशेजारी भाचा. पिंगळीपर्यंत सगळं ठीक होतं. पिंगळी मागं पडली आणि कसला तरी वास यायला लागला. आधी मला वाटलं सणाचा दिवस आहे, कुठल्या तरी वस्तीवर तळण चाललं असेल. पण वस्ती मागं गेली तरी वास आमच्याबरोबरच, आणि मग झाकणाच्या फटीतून धूर.

"थांबव. इंजन जळायलंय," भाचा म्हणाला.

कशीबशी गाडी कडेला घेतली. भाच्यानं झाकण उघडलं, आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. इंजनाच्या दोन्ही अंगांना पिवळाधमक लेप, आणि धुराच्या नळीवरचा तेवढा तळून काळा पडलेला. आईसाहेब गाडीतून उतरून आल्या, वाकून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगबाई, ही तर खांदमळणी." पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी कुणब्याच्या घरी बैलाचे खांदे हळद आणि तेलानं मळतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं बैलाला म्हणतात. आमच्या बाईनं करडईच्या तेलात हळद कालवून इंजनाचे खांदे मळले होते. आवतणही दिलं असणार, त्यात मला शंका नाही.

वकीलसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी चटकन म्हणलो, "बायकोनं केलं साहेब. अडाणी हाय ती."

भाचा हसला, रुमाल काढला आणि लेप पुसू लागला. पुसता पुसता त्याचं हसू कमी होत गेलं. हळदीखालून लोखंड असं निघत होतं की त्यात त्याला आपलं तोंड दिसलं असेल. तो आत आत बघत गेला, बोटं घालून बघितलं, बोटं कोरडीच निघाली. कारखान्यातसुद्धा असं इंजन बघितलं नाही, असं तो मामाला म्हणाला. मग एका जागी त्याचा हात थांबला. पेट्रोलच्या तांब्याच्या नळीच्या जोडावर पिवळा साबण चेपून भरलेला होता आणि वरून लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी आवळून बांधली होती. त्यानं वास घेतला आणि सरळ उभा राहिला.

"मामा, जोडाला चीर पडलीय. हा साबण नसता तर पेट्रोल तापल्या नळीवर ठिबकलं असतं. आजीला घेऊन आपण पेटलो असतो." मग माझ्याकडं वळला. "हे कोणी बांधलं?"

मी ते तोवर बघितलंही नव्हतं. चिंधी आमच्या बाईच्या लुगड्याच्या हिरव्या काठाची होती, आंधळ्यालाही कळलं असतं.

मी म्हणलो, "मी."

वकीलसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आईसाहेबांनी चिंधीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि गाडीत जाऊन बसल्या. देवाचं दर्शन झालं, नोकरी राहिली. पुढं राज्य बदललं तरी मी त्याच मोटारीवर होतो.

संध्याकाळी घरी आलो. तिनं आधी विचारलं, "वाटंत गळलं का?" मी नाही म्हणलो. एवढं पुसलेलं इंजन, त्यात एकच जागा पुसली तरी पुन्हा पुन्हा ओली होत होती, म्हणून तिला चीर सापडली होती. मला का सांगितलं नाहीस म्हणलो, तर म्हणाली, "आधीच तुमचं तोंड उतरलेलं. अजून भ्या कशाला घालू?" मग मी सगळं सांगितलं, अगदी जसं झालं तसं. ती पुरणपोळीवर तूप वाढत होती. हात थांबला नाही.

"म्हंजी हळद माझी आन् साबण तुमचा व्हय?"

आणि पोट धरून हसली. मीही हसलो. मला वाटलं, मिटलं. पण उद्या वकीलसाहेबांना खरं सांगून येतो, हे शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत, आणि तिनंही मागितले नाहीत. पुढं कुठं लग्नाकार्यात कोणी त्या साबणाची गोष्ट काढून माझी वाहवा केली की ती पदर तोंडाला लावून मान खाली घालायची. बायांना वाटायचं, नवऱ्याचं कौतुक ऐकून लाजली.

वकीलसाहेब गेले, आईसाहेब तर कधीच्या गेल्या. भाचा कुठं आहे ठाऊक नाही. ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यातलं आता कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. साबण तिनं लावला होता. आणि ती अडाणी नव्हती.