वडाचा हत्ती

वडाला कापून हत्ती करता येत नाही, हे मला बाभुळगावात सगळ्यांनी सांगितलं होतं. म्हणूनच मी केला.

आमच्या कॉलनीत दोन वर्षांनी बागेची स्पर्धा घ्यायचं ठरलं. शेजारच्या वामनकाकांनी विलायती सरू आणून त्याचा गुळगुळीत शंकू बनवला. मी तेव्हा विदेशी झाडांविरुद्ध आणि देशी झाडं तोडण्याविरुद्ध घरोघरी पत्रकं वाटत होतो. देशी झाडालाही आकार देता येतो हे सिद्ध केलं नसतं, तर लोकांनी त्या पत्रकांवर भजी खाल्ली असती. (काही जण खातच होते.)

नर्सरीवाला म्हणाला, "कामिनी ने भाऊ. बारीक पान, दाट फूट, बारा महिने हिरवी. अन् देशीच आहे."

"वड म्हणजे वड."

"त्याचं पान तं पाहून घे. हत्तीचा कान एका पानात संपून जाईन."

संपला. पण मी हटलो नाही. अर्ध्या ड्रममध्ये रोप, भोवती तारेचा सांगाडा आणि दर आठवड्याला शेंडे खुडणं, बाबा शेतात पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, खुडतात तसंच. दोन वर्षांत चार पाय, पोट आणि सोंड तयार. कडा ताज्या दिसाव्यात म्हणून शेवटची छाटणी स्पर्धेच्या आदल्या दिवसासाठी राखून ठेवली.

आदल्या दिवशी वटपौर्णिमा होती. कात्री घेऊन बाहेर आलो, तर अंगणात वीसेक बाया. सोंड पायाला सुतानं जखडलेली, कपाळाला हळदकुंकू, पायाशी आंबे.

"काकू, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"तूच तं पत्रक वाटलं! फांदी तोडून घरी पुजू नका, जित्ता वड पुजा. कॉलनीत जित्ता वड एवढाच हाय."

दुसरी म्हणाली, "पोट्टा बोलते तसा वागते, मानलं बा."

मी कात्री उघडली. आईनं मनगट धरलं. "पुजलेल्या वडाले कात्री? वीस जणींच्या नवऱ्यांचं आयुष्य हाय त्याच्यावर. तुह्या बाबाचंबी."

"निदान सोंड तरी मोकळी करू दे."

"सोंडेले मीच सात फेरे मारले."

बाबा ओट्यावरून शांतपणे म्हणाले, "राहू दे ना बापू. जगू दे मले."

दुसऱ्या दिवशी परीक्षक बाई आल्या. त्यांनी चपला काढल्या, हत्तीला हात जोडले आणि वहीत बराच वेळ लिहिलं. पहिलं बक्षीस काकांच्या सरूला गेलं. माझ्यासाठी त्यांनी 'श्रद्धास्थान' असा नवाच गट काढला. त्या गटात मी एकटाच होतो. मला उत्तेजनार्थ मिळालं.