खंडेनवमीची बंदूक

कुणी काही सांगायला तोंड उघडलं, की काकू उजव्या हाताचा तळवा त्याच्या समोर धरायच्या आणि म्हणायच्या, "मला नको सांगूस." मग स्वतः सांगायला लागायच्या.

समोर कोण आहे, हा प्रश्नच नसे. मुलगा, सून, मी, फ्रँकफर्टच्या ट्राममधला तिकीट तपासनीस, सगळ्यांना एकच तळवा. तपासनिसाला त्यांनी शुद्ध मराठीत सांगितलं होतं की तिकीट आहे, पण ते पर्सच्या तळाशी आहे, आणि घाई करणाऱ्याला ते मिळणार नाही. तो बिचारा दोन स्टॉप थांबून राहिला. मी मात्र शरमेने खिडकीबाहेर बघत होते.

तुम्हीही अशा काकू पाहिल्या असतील. पण तुम्हाला त्या लग्नात, फार तर दिवाळीत भेटल्या असतील. मला त्या दरवर्षी सलग तीन महिने भेटायच्या, कारण व्हिसाच तेवढ्याचा मिळतो. आमच्याच इमारतीत, एक मजला वर त्यांचा मोठा मुलगा राहतो. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. सांगलीत स्वतःचं घर, दारात स्कूटर आणि टेलिफोन खात्याची पेन्शन. आयुष्यभर एक्स्चेंजमध्ये बसून लोकांचे ट्रंक कॉल जोडून दिल्यामुळे आवाज असा कमावलेला, की त्या वरच्या मजल्यावर भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या, की मी खाली माझी भाजी चाखून बघायची. मुलगा आणि सून ऑफिसात जाणारे. मी घरून काम करणारी. आणि घरून काम करणारी बाई म्हणजे रिकामी बाई, ही समजूत सांगलीत आहे तशीच फ्रँकफर्टमध्येही आहे.

रविवारी इथे इमारतीत आवाज करायचा नसतो. काकूंनी नेमकी रविवारी दुपारी खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटली. तळमजल्यावरच्या जर्मन बाई तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या, कारण भाषांतर करायला मीच. मी वर जाऊन समजावायला लागले, तर तळवा. रविवारीच तर माणसं घरी असतात, चटणी मग कुणासाठी कुटायची, असं उलट मलाच विचारलं. वर त्या बाईंना वाटीभर चटणी पाठवली. बाईंनी वाटी घासून परत केली आणि पुढच्या रविवारी पुन्हा तक्रार केली.

रस्त्यावर तर त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यात त्या बिनधास्त घुसायच्या, उजवीकडून येणाऱ्या माणसावर आदळायच्या आणि वर त्यालाच झापायच्या की बघून चालता येत नाही का. चहा ओतताना बशीत, कधी टेबलक्लॉथवर. मी म्हणायची, काकू, जरा बघा. त्या म्हणायच्या, हे कप विचित्र आहेत. मला वाटायचं, काय हा हेका!

गेल्याच्या गेल्या वर्षी माझ्या वाढदिवसाला ऑफिसातल्या मंडळींनी मला एक गुटशाइन दिलं, म्हणजे भेटीचं कूपन. जर्मन माणूस तुम्हाला साडी किंवा डबा देत नाही, तो तुम्हाला अनुभव देतो. हा अनुभव होता बंदूक चालवण्याचा. शहराच्या कडेला एका कारखानदारी भागात तळघरातलं नेमबाजीचं केंद्र, पर्यटक आणि हौशी लोकांसाठी, देखरेखीखाली, दोन माणसांना एक तास. मी आयुष्यात पिचकारीसुद्धा नीट मारलेली नाही. नवरा म्हणाला, त्याला आवाज सहन होत नाही. मी ते कूपन फ्रिजला लावून विसरून गेले होते.

काकूंनी ते पाहिलं. त्यावर बंदुकीचं चित्र होतं, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. मुदत संपत आली होती. येत्या शनिवारी खंडेनवमी होती. हे सगळं त्यांच्या डोक्यात एकत्र आलं आणि माझं मरण ओढवलं. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करायची असते. सांगलीत त्या विळी, कात्री, स्क्रू ड्रायव्हर आणि स्कूटर पुजायच्या. इथे आदल्या वर्षी मुलाच्या लॅपटॉपला कुंकू लावलं होतं, ते कीबोर्डच्या फटीत गेलं आणि त्याचं एक बटण आजही लाल आहे. त्यांच्या मुलाने मला हात जोडले. आई ऐकणार नाही, तूच जा तिला घेऊन, म्हणाला. स्वतः मात्र आला नाही.

तर शनिवारी आम्ही दोघी निघालो. काकू नऊवारी नाही नेसल्या एवढीच देवाची कृपा. सहावारी, त्यावर सुनेचं जॅकेट, पायात बूट आणि खांद्याला ती अथांग पर्स.

केंद्रावर आमचे पासपोर्ट बघितले. मग देखरेखीला असलेले गृहस्थ आले. उंच, पिकलेली दाढी, आवाज अगदी हळू. इथे अशा माणसाला आउफझिष्ट म्हणतात, आणि तो जे म्हणेल ती पूर्वदिशा. त्यांनी नियम सांगितले. मी सांगेपर्यंत शस्त्राला हात लावायचा नाही. नळी सदैव लक्ष्याच्या दिशेला. मी थांबा म्हटलं की सगळ्यांनी ठेवून मागे सरायचं. मी भाषांतर करत होते आणि काकू कानावरच्या जाड हेडफोनची एक वाटी उचलून म्हणत होत्या, हो गं, कळतंय.

आमच्या डावीकडच्या पट्ट्यात एक होणारा नवरदेव आणि त्याचे मित्र होते, सगळे एकसारख्या गुलाबी टी-शर्टांत. लग्नाआधीची चैन चालली होती. आमच्यासमोर टेबलावर वाळूच्या उशीवर एक लांब रायफल ठेवलेली. तिच्या मागच्या टोकाला बारीक भोकाची एक चकती, त्यातून डोळा लावून नेम धरायचा.

गृहस्थ माझी सही घ्यायला वळले तेवढ्यात काकूंनी पर्समधून सकाळच्या पूजेची हळद-कुंकवाची पुडी काढली, पाण्याच्या बाटलीच्या झाकणात कुंकू कालवलं, बोट बुडवलं आणि रायफलला कुंकू लावलं. लावायचं होतं लाकडी दस्त्याला. लागलं नेमकं त्या चकतीच्या भोकात. वर एक झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले.

गृहस्थांचा तो हळू आवाज एकदम असा फुटला की सगळं तळघर दणाणलं. गुलाबी मंडळी बंदुका ठेवून मागे सरली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. काकू शांतपणे म्हणाल्या, "त्याला सांग, आज हिचा मान आहे."

मी काय सांगितलं ते मला धड आठवत नाही. वर्षातून एकदा आम्ही अवजारांचे आभार मानतो, असं काहीतरी. गृहस्थांनी आधी फुलाकडे, मग काकूंकडे बघितलं. आम्हाला हाकलून देतील आणि एकदाची सुटका होईल, या आशेवर मी होते. पण ते म्हणाले की आभार मानणं चांगलंच आहे, फूल टेबलावर राहू दे, शस्त्रावर मात्र काहीही नको. आणि फडक्याने चकती पुसली.

काकू बसल्या, दस्ता गालाला लावला आणि गोळ्या झाडल्या. आवाजाला दचकल्या नाहीत, हे मी कबूल करते. समोर टांगलेला नेमाचा कागद तारेवरून सरसरत परत आला. कोरा. एकही भोक नाही.

काकू म्हणाल्या, याने पुसलं ना, म्हणून. फडकं मळकं होतं, भोकात कुंकू तसंच आहे, काही दिसत नाही. मी म्हटलं, काकू, जाऊ दे. तळवा. पुन्हा गोळ्या झाडल्या. पुन्हा कागद कोरा. आणि डावीकडे एकदम आरडाओरडा झाला, कारण नवरदेवाच्या कागदावर त्याने झाडल्या त्यापेक्षा जास्त भोकं होती आणि त्यातलं एक मधोमध होतं. तो काकूंना वाकून नमस्कार करायला लागला. मी हसत होते. गृहस्थ हसत नव्हते.

त्यांनी थांबा म्हटलं, रायफल रिकामी केली, चकती काढून दिव्यासमोर धरली. स्वच्छ. परत बसवली, स्वतः बसून एक गोळी झाडली. भोक जवळजवळ मधोमध. मग त्यांनी मला सांगितलं की बाईंना विचारा, समोर भिंतीवर आपल्या पट्ट्याचा आकडा कोणता आहे. काकू म्हणाल्या, सात. सातच होता. मग गृहस्थांनी खिशातून एक पुठ्ठ्याचा तुकडा काढला, परवानगी विचारली आणि त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर धरला. आता कोणता?

काकूंनी हात वर केला. तळवा अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"दिवे घालवले का गं यांनी?" त्या म्हणाल्या.

दिवे लख्ख चालू होते.

बाहेर एक बाक होता. तिथे मी त्यांना बसवलं, त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं आणि मला जो राग आला, तो आजही पुरता गेलेला नाही. काकूंना माहीत होतं. वर्षभरापूर्वी सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्यात दाब वाढलाय, थेंब घालायचे, तपासण्या करायच्या, नाहीतर दृष्टी जाईल. यांनी त्यांनाही तळवाच दाखवला असणार. उजवा डोळा मंद झालाय हे कळत होतं, इतका गेलाय हे त्या दिवशी कळलं. माणसांवर आदळणं, बशीत चहा, सगळं त्यातलंच, आणि मी त्याला हेका म्हणत होते.

"मुलांना कळलं की माझं घर गेलं," काकू म्हणाल्या. "एकटी राहू देणार नाहीत. स्कूटर काढून घेतील. मला उचलून धाकट्याकडे पुण्यात नेऊन ठेवतील, अकराव्या मजल्यावर. घरी बोलायचं नाहीस."

मी म्हटलं, अजून एक डोळा आहे, तोही घालवायचाय का? त्या पर्स खांद्याला लावून चालायला लागल्या. ट्राममध्ये गप्प, आणि काकू गप्प म्हणजे काय ते तुम्ही समजू शकता. इमारतीच्या दाराशी मी त्यांना अडवलं. आज जेवताना तुम्ही सांगा, नाहीतर उद्या सकाळी वर येऊन मी सांगते, असं बजावलं.

"माझ्या पोटची असतीस तर थोबाडीत दिली असती."

"द्या. पण सांगा."

त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला त्यांचा मुलगा खाली आला, तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. मग धावपळ झाली, इथले डोळ्यांचे डॉक्टर, थेंब, एक छोटी शस्त्रक्रिया. उजवा डोळा गेला तो गेला. डावा वाचला. आणखी उशीर झाला असता तर तोही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे मी केलं ते बरोबर केलं. यावर कुणीही माझ्याशी वाद घालू नये.

पुढचं सगळं मात्र काकू म्हणाल्या होत्या तसंच झालं. सांगलीच्या घराला कुलूप लागलं, व्यवहार बघायला मोठ्याच्या नावे मुखत्यारपत्र झालं आणि काकू पुण्याला धाकट्याकडे गेल्या. एकटीने विमानप्रवास नको म्हणून पुढच्या वर्षी फ्रँकफर्टला आल्या नाहीत. या वर्षीही नाही. रविवारी इमारत अगदी शांत असते. तळमजल्यावरच्या बाईंनी एकदा मला जिन्यात थांबवून विचारलं, वरच्या आजी कुठे आहेत, चटणी छान असायची.

डिसेंबरात मी पुण्याला गेले. अकराव्या मजल्यावर काकू खुर्चीत बसल्या होत्या. धाकटा, त्याची बायको, दोघंही भली. थेंबांसाठी मोबाइलवर गजर लावलेला, पायाखाली कुठे उंबरठा नाही. चहा कसा करू असं सुनेने विचारलं, तर काकू म्हणाल्या, तुम्ही सगळे घेता तसा. मला ते ऐकवलं नाही. भांडा की जरा, असं ओरडावंसं वाटलं.

निघताना त्या मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या, भिंतीला हात लावत. सून आत होती. काकूंनी हळूच विचारलं, सांगलीच्या घराच्या किल्ल्या फ्रँकफर्टला आहेत की इथे, मोठ्याला जरा विचारशील का? उन्हाळ्यात चार दिवस जाऊन यायचं होतं.

मला माहीत होतं. मी निघण्याआधी मोठ्या मुलाने मला फ्रँकफर्टला जिन्यातच सांगितलं होतं की घर विकलं, आईला अजून बोललो नाही, हिंमत होत नाही. काय राग आला होता मला त्याचा! ज्या लोकांसाठी मी या बाईला सगळं खरं बोलायला लावलं, ते तिचंच घर विकल्याचं तिच्यापासून लपवत होते.

"काकू," मी म्हटलं, "घर विकलं गेलंय."

लिफ्ट आली, दार उघडलं आणि कुणी न शिरल्याने मिटलं. काकू त्या दाराकडे बघत होत्या. मग त्यांनी चाचपडत बटण शोधलं आणि माझ्यासाठी पुन्हा लिफ्ट बोलावली.

"मला कळलंय हे या मुलांना कळू देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "सांगायचं कसं म्हणून आधीच झोप लागत नसेल बिचाऱ्यांना."

मी हो म्हटलं.