‘जैसे थे’चा हुकूम

त्या तपासाचा विषय निघाला की आजही मला माझाच राग येतो.

सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर पेठ तालुक्याकडच्या एका कामगाराचा हात गेला. सुपरवायझरने जबाब दिला, "सुरक्षेची जाळी त्यानंच काढली. कॅमेरा त्या दिवशी बंद होता." दवाखान्यात कामगार म्हणाला, "साहेब, जाळी म्या नाय काढली. हात गेला तं गेला, पन चूक माझ्या माथी नको."

मी डायरीला नोंद घेतली आणि सवयीने कारखान्याला बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही. सगळं जैसे थे."

शनिवारी दुपारी तिथले संगणक सांभाळणाऱ्या बाई ठाण्यात आल्या. "सर, जैसे थे ठेवलं तर उद्या पुरावा जाईल."

मी वैतागून विचारलं, "म्हणजे?"

"आमच्या स्टोरेजमध्ये कॅमेऱ्याला जागा आधी राखून ठेवत नाहीत. रेकॉर्डिंग होईल तशी ती मिळते. त्या दिवशीही रोजच्याइतकी जागा गेलीय, म्हणजे कॅमेरा चालू होता. नंतर कुणीतरी फाइल पुसली. पण पुसली म्हणून जागा लगेच परत जात नाही. भाडेकरू गेला, सामान आतच आणि किल्लीही त्याच्याकडेच, तसं. दर रविवारी सर्व्हर आपोआप अशा किल्ल्या काढून घेतो आणि ती जागा मोकळी करतो. मग सामान गेलंच समजा."

लगेच दोन पंच घेऊन गेलो, बाईंच्या सांगण्याप्रमाणे सर्व्हर बंद करवला, पंचनामा केला आणि सगळं सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवलं.

मग सुपरवायझरला बोलावलं. आरडाओरड माझ्या स्वभावात नाही. चहा दिला आणि विचारलं, "कॅमेरा बंद होता, तर त्या दिवशीची जागा कुणी खाल्ली?"

खोटं बोलणारा माणूस उत्तरं पाठ करून येतो. हा प्रश्न त्याच्या पाठांतरात नव्हता. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "जाळीमुळे काम हळू व्हायचं, साहेब. मीच काढली. फाइलही मीच पुसली."

प्रयोगशाळेला सगळं चित्रण मिळालं नाही. मिळालं त्यात पाना घेऊन जाळी सोडवणारा तोच होता.

दवाखान्यात जाऊन मी कामगाराला हे सांगितलं. तो हुंदके देऊन रडला, मग माझे आभार मानायला लागला. मला ते ऐकवेना. माझा हुकूम तंतोतंत पाळला गेला असता, तर हाच माणूस जन्मभर खोटा ठरला असता. त्यानंतर कुठेही ‘जैसे थे’ म्हणण्याआधी मी तिथल्या जाणत्या माणसाला विचारत आलो, "आम्ही काहीच केलं नाही, तर इथं आपोआप काय होईल?"